पाते अर्ध्यावरच का अडत होते

मागच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहिले होते की मध आणि पिकलेल्या फळांच्या रसाने चिकटलेला माझा डी२ नावाच्या पोलादाचा घडीचा चाकू पूर्ववत झाला असून ते प्रकरण मिटले आहे. ते विधान मी मागे घेतो. त्यानंतर जेमतेम आठवडाभरात पाते पुन्हा जड झाले, आणि या वेळी सर्वत्र नव्हे, तर उघडताना बरोबर अर्ध्या वाटेवर. तिथे अंगठ्याला एक बारीकसा अडथळा जाणवायचा, तो ओलांडला की पाते पुढे लोण्यासारखे सरकायचे. या एका अडथळ्याने माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या आणि चाकू तीन वेळा सुटा करायला लावला.

मागच्या वेळचा धडा मात्र अजूनही खरा आहे. साखर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पिव्हटमध्ये, म्हणजे पाते ज्याभोवती फिरते त्या सांध्यात, कितीही अल्कोहोल सोडले तरी मधाचा थर जागचा हलत नाही. त्याला कोमट पाणीच लागते. आधी पाणी, मग ते पाणी हुसकावण्यासाठी अल्कोहोल आणि सर्वांत शेवटी तेल, हा क्रम मी कायम ठेवला आहे. अंडे किंवा मांस कापले असेल तर पहिले पाणी थंड घ्यावे, कारण गरम पाण्याने प्रथिने गोठतात आणि वॉशरच्या (पाते आणि मूठ यांमधल्या चकतीच्या) कडेला पांढरट पापुद्रा धरतात.

आता अडथळ्याकडे वळतो. साहजिकच पहिला संशय वॉशरवर गेला. पिव्हट आणि मुठीचे स्क्रू काढायला घेतले, तर मुठीच्या एका टी६ (चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या) स्क्रूचे डोके बिटने, म्हणजे पेचकसाच्या सुट्या टोकाने, खाल्ले. ही बिट मी एका स्वस्त संचातून घेतली होती, आणि आता ठामपणे सांगतो की बाकी कशातही काटकसर करावी, पण टी६ आणि टी८ बिटमध्ये करू नये; मऊ पोलादाची बिट पहिल्याच लॉकटाईट (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा गोंद) लावलेल्या स्क्रूवर पीळ खाते आणि जाताना स्क्रूही सोबत नेते. डाग देण्याच्या कावियाचे टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवून लॉकटाईट मऊ केले, तेव्हा कुठे तो सुटला. कांशाचे दोन्ही वॉशर स्वच्छ निघाले. तरीही मी ते जाड काचेवर बारीक पॉलिश कागद ठेवून घासले, पुन्हा जोडणी केली, आणि अडथळा तिथल्या तिथेच होता.

दुसऱ्या संध्याकाळी मी नवे वॉशर बसवले. विक्रेत्याने जाडी चुकीची पाठवली होती, हे मला जोडणी झाल्यावर कळले: पिव्हट घट्ट केला की पाते हलेना, सैल केला की डावी-उजवीकडे डुलायला लागले. जुनेच वॉशर परत घातले. तिसऱ्या संध्याकाळी पिव्हटचा स्क्रू अष्टमांश फेऱ्याच्या अंतराने सैल करत गेलो आणि प्रत्येक टप्पा वहीत टिपला. पाते एकूण हलके होत गेले, पण तो अडथळा मात्र जसाच्या तसा राहिला. खरे तर हीच गोष्ट मला पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. घर्षण वॉशरमध्ये असते, तर पिव्हट सैल केल्यावर तो अडथळाही हलका झाला असता.

मग चाकू हातात घेऊन नुसता उघडझाप करत बसलो असताना, सहज म्हणून, लायनर लॉकची, म्हणजे उघडे पाते अडकवून धरणारी मुठीतली, पट्टी डाव्या अंगठ्याने बाहेर दाबून धरली आणि पाते फिरवले. अडथळा गायब झाला. पट्टी सोडली, अडथळा परत आला. तीन संध्याकाळींचे काम पाच सेकंदांत निकाली निघाले. ज्यांनी आजवर ही चाचणी केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लॉकच्या पट्टीत डिटेंटची छोटी कठीण गोळी बसवलेली असते, बंद अवस्थेत ती टँगवरच्या (पात्याच्या मुठीतल्या बुडावरच्या) खळग्यात बसून पाते धरून ठेवते आणि उघडताना टँगच्या बाजूवर घासत एक वक्र वाट आखते. पट्टी बाहेर धरली की गोळी टँगपासून सुटते. तेव्हाही पाते जड लागले तर दोष वॉशर किंवा पिव्हटमध्ये आहे, हलके झाले तर तो गोळीच्या वाटेवर आहे. हे तपासल्याशिवाय यापुढे मी एकही स्क्रू काढणार नाही.

चौथ्यांदा चाकू सुटा केला, पण या वेळी काय शोधायचे ते ठाऊक होते. भिंगाखाली टँगवर गोळीने आखलेली चकचकीत वाट दिसली, आणि तिच्या मध्यावर मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा पिवळसर तपकिरी, काचेसारखा टणक थेंब. नखाने तो निघेना, पाण्याने निघेना, अल्कोहोलनेही निघेना. तेव्हा आठवले की पहिल्या साफसफाईनंतर, खाण्याच्या कामाचा चाकू म्हणून, मी पिव्हटला स्वयंपाकाचेच तेल लावले होते. वनस्पती तेलातील असंतृप्त मेदाम्ले हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जाऊन एकमेकांत गुंततात आणि वार्निशासारखी कडक होतात. जवसाचे तेल लाकडावर वाळते तेही याच कारणाने. खाद्य दर्जाच्या खनिज तेलात असे दुहेरी बंध नसतात, म्हणून ते वाळत नाही. तेलाचा तो बदल मी नंतर केलाच होता, पण जुन्या तेलाचा अवशेष वॉशरच्या कडेने झिरपत राहिला असणार.

तरीही तो थेंब नेमका मध्यावरच का, हा प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर माझ्याच सवयीत निघाले. प्रत्येक वेळी चाकू धुतला की मी तो अर्धा उघडा ठेवून रात्रभर वाळवत असे, म्हणजे मुठीच्या आतही हवा लागते आणि पातेही सुरक्षित राहते. गोळी रोज त्याच एका जागी रात्रभर टेकलेली असायची, तिच्याभोवती तेल साचायचे आणि साचलेले तेल तिथेच वाळायचे. दोषाची जागा मीच रोज रात्री नेमून देत होतो.

उपाय साधा निघाला. धुण्याचा सोडा गरम पाण्यात मिसळून त्यात फक्त पात्याची टँग वीस मिनिटे बुडवली आणि लाकडी दातकोरणीने थेंब हलकेच खरवडला. तो साबणासारखा मऊ होऊन सुटला. माझ्या चाकूला जी१० ची (काचतंतू आणि रेझिनच्या थरांची) मूठ आणि तिच्या आत पोलादी पट्ट्या, म्हणजे लायनर, आहेत, तरी मी मूठ सोड्यापासून दूरच ठेवली. ज्यांची मूठ ॲल्युमिनियमची आहे त्यांनी सोडा तिच्याजवळ नेऊच नये, त्याने ॲनोडाइझिंगचा रंगीत संरक्षक थर फिका पडून उतरू लागतो. नंतर पाणी, अल्कोहोल, गोळीच्या वाटेवर खनिज तेलाचा पुसट हात आणि पिव्हटच्या स्क्रूला कमी पकडीचे लॉकटाईट २२२, कारण इतक्या बारीक आट्यांना २४२ ची पकड गरजेपेक्षा जास्त होते. जोडणी करून पट्टी बाजूला केली, तर पाते स्वतःच्या वजनाने खाली झुलले आणि शेवटी डिटेंटचा तो छोटा, कोरडा ‘टक्’ आवाज आला. मी तो वीसेक वेळा तरी ऐकला असेल.

याच चाकूला वॉशरऐवजी बॉल बेअरिंग बसवण्याचा बेत मागे मी जाहीर केला होता, तो रद्द करतो. खाण्याच्या कामाच्या चाकूत कण आणि रस अडकायला तितक्या फटी कशाला वाढवायच्या. साधा सपाट वॉशर पाण्याखाली धरला की धुऊन निघतो. लिंबाच्या रसाने थंब स्टडच्या (पाते उघडायच्या खुंटीच्या) मुळाशी तीन गंजाचे ठिपके उठले आहेत, ते मात्र डी२ ची मर्यादा म्हणून स्वीकारतो. त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असले तरी त्यातला बराच भाग कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या कठीण कणांत, अडकलेला असतो आणि गंज रोखायला उरत नाही.

वाळवण्याची जागा बदलावी लागणार हे उघड आहे, आणि त्यावर पातेच काढून ठेवायचे असे मी ठरवले होते. हे लिहिता लिहिता मात्र सोपा मार्ग सुचला. पाते पूर्ण उघडून लॉक बसले की पट्टी टँगच्या मागे आत सरकते आणि गोळी तिच्या वाटेवर उरतच नाही. तेव्हा चाकू पूर्ण उघडाच, टोक खाली करून वाळवायचा. यात लॉकच्या तोंडाशी पाणी साचून तिथे गंज धरण्याचा धोका दिसतो, म्हणून ती जागा आधी कागदाच्या टोकाने टिपून घेईन. उद्यापासून मुद्दाम मधाचेच काम याच चाकूने करणार आहे, आणि दर चौथ्या धुण्यानंतर पट्टी बाहेर धरून चाचणी घेऊन आकडे वहीत मांडेन.