नळाचा भरवसा

फिनिक्सहून निघालो तेव्हा गाडीत एसी लावावा लागत होता. एप्रिलची दुपार, बाहेर तिशीच्या वरचं तापमान. मागे भाड्याचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर; पुढे ग्रँड कॅन्यन या अमेरिकेतल्या प्रचंड दरीचा दक्षिण कडा. आईनं स्वेटर घेतला तेव्हा मी हसलो होतो. कडा सुमारे २,१०० मीटरांवर आहे, म्हणजे आपल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षाही उंच, हे मला पाठ होतं. पाठ होतं, एवढंच.

ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावताना नवरा-बायकोत जे संवाद होतात ते इथे देत नाही. पाण्याचा पाइप जोडला, विजेची केबल जोडली. शेजारचे आजोबा सांगून गेले, आज रात्री गोठणार. नळ बारीक धारेनं सोडून ठेवा, वाहतं पाणी सहजी गोठत नाही. मी सोडला.

आईनं मात्र झोपण्याआधी पातेली, कुकर, नातीची शाळेची बाटलीसुद्धा भरून ठेवली.

"अगं, नळ आहे ना चोवीस तास!"

"असू दे की. भरलेलं पाणी काय खायला मागतं?"

मनमाडला जिची उमेद पंधरा-पंधरा दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट बघण्यात गेली, तिच्याशी वाद घालू नये.

ट्रेलरच्या भिंती दोन-तीन बोटं जाड. खोबरेल तेल कधीच दगड झालं होतं. खिडक्यांना आतून आमच्याच श्वासाचे ओघळ. ट्रेलर गरम ठेवणारा फर्नेस प्रोपेन गॅसवर जळतो आणि त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो. तो धडाडून सुरू झाला की झोपमोड, आणि थांबला की जास्तच, कारण मग गॅस संपला की काय ही धास्ती. शेवटी टॉर्च घेऊन बाहेर गेलो. सिलिंडर हलवून काही कळेना. दारातून आई म्हणाली, "गरम पाणी ओत आणि हात फिरव. गार लागेल तिथवर गॅस." ओतलं. अर्ध्याच्या खाली हात गारठला. आख्खी रात्र निघण्याइतका होता.

सकाळी पडदा सारला तर सगळं पांढरं. पाइन वाकलेले, गाडीचा फक्त आकार उरलेला. दरी? ती ढगात होती. जिच्यासाठी आलो ती दुपारपर्यंत दिसलीच नाही. नळ उघडला, तो नुसता खोकला. बाहेर पाइप उचलला तर काठीसारखा सरळ उभा राहिला.

"पण मी तर धार सोडली होती!"

आई चहाचं आधण ठेवत होती. "ती होय? रात्रभर टपटप चाललेली. मी उठून घट्ट बंद केला. पाणी असं वाया घालवतात का?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी पातेल्यांकडे. नळ हिनंच गोठवला होता आणि चहाही हिच्याच पाण्याचा होणार होता; तक्रार कुठल्या तोंडानं करायची? निमूटपणे कप पुढे केले. आल्याचा चहा होता. शेजारच्या आजोबांनाही एक कप नेऊन दिला, धार का थांबली हे मात्र सांगितलं नाही.

"मग आता पाणी कधी येणार?" आईनं विचारलं.

"ऊन वर आलं की. दहापर्यंत."

"येईल ना नक्की?" म्हणत तिनं रिकामी झालेली पातेली पुसली आणि नळाखाली ओळीनं मांडून ठेवली.