टॅपला विरजण लागलं

गच्चीवरच्या खोलीतल्या जुन्या फ्रिजला भोक पाडून मी बीअरचा टॅप बसवला त्याला आता दोन वर्षं होतील. आत १९ लिटरचा स्टीलचा केग (म्हणजे बीअरचं पिंप), शेजारी ती ढकलायला सीओटू गॅसचा छोटा सिलिंडर, दोन मीटर नळी आणि दारावर क्रोमचा टॅप, बस्स (परमिट आहे, काळजी नसावी). पहिले काही महिने मी काय साफ करायचो तर ग्लास. टॅपला बाहेरून ओलं फडकं मारलं की झालं.

मग फेब्रुवारीत मावसभाऊ आला, पहिला घोट घेतला आणि म्हणाला, दादा याला लोण्याचा वास का येतोय रे. मला वाटलं केगच खराब, म्हणून उरलेली सगळी मोरीत ओतली, जीव तुटला अक्षरशः. नवीन केग लावला तर आठवड्यात परत तेच, वर जरा आंबटही. आईने ग्लास नाकाशी नेला (ती पीत नाही, पण वास तिच्याइतका कुणालाच कळत नाही) आणि म्हणाली, "अरे, हे विरजण लागलंय. भांडं नीट घासत नाहीस तू."

आणि ते शब्दशः खरं निघालं! बीअर आंबवणारे लॅक्टोबॅसिलस हे दही लावणाऱ्यांच्याच गोतावळ्यातले, आणि पेडिओकॉकस म्हणून त्यांचे भाऊबंद आहेत ते डायअ‍ॅसिटिल तयार करतात, लोण्याला जो वास असतो तो त्याचाच. माणसाला त्याने सहसा काही होत नाही, पण बीअरची वाट लागते.

तर टॅप खोलायला घेतला. पान्याने कॉलर, म्हणजे टॅप धरून ठेवणारी कडी, फिरवतोय फिरवतोय, हलेचना. नंतर कळलं की समोरून बघताना तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सैल होतो, म्हणजे आपल्या सवयीच्या बरोब्बर उलट. तसा फिरवला आणि सुटला एकदम, आणि केगची नळी काढायची मी विसरलो होतो, त्यामुळे शर्ट, भिंत, छत, सगळीकडे बीअर. आधी गॅस बंद, मग नळी काढा, मग टॅपचा दांडा ओढून प्रेशर सोडा आणि मगच पाना हातात घ्या, एवढं तरी माझ्यावरून शिका.

आत काय होतं सांगू? भेंडी चिरल्यावर सुरीला लागतं तसा बुळबुळीत, तपकिरी थर. आणि तोटीच्या टोकाशी दोन चिलटं, मेलेली. द्राक्षाच्या सीझनमध्ये नाशकात चिलटांना आमंत्रण लागत नाही. या जुन्या पद्धतीच्या टॅपमध्ये बंद केल्यावरही आतल्या दांड्याभोवती थोडी बीअर राहते आणि तिथे हवा लागते, घाण धरते ती तिथेच.

माझी मोठी चूक म्हणजे मी अधूनमधून नुसतं सॅनिटायझर फिरवायचो. चिकट थरावर सॅनिटायझर म्हणजे खरकट्या ताटावर गंगाजल शिंपडण्यासारखं. आधी घाण निघाली पाहिजे, मग सॅनिटायझर. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनचं सांगणं आहे की दर १४ दिवसांनी लाइन (म्हणजे बीअरची नळी) कॉस्टिक सोड्याच्या साधारण २ टक्के द्रावणाने धुवायची, खेळतं ठेवलं तर १५ मिनिटं, नुसतं भरून ठेवलं तर २०. मी तयार लाइन क्लीनर आणतो आणि बाटलीवर लिहिलंय तेवढंच घालतो. हातमोजे, चष्मा, आणि क्लीनर पाण्यात घालायचा, पाणी क्लीनरवर नाही.

नळीतून दाबाने ढकलायला पंप हवा म्हणून कृषी केंद्रातून दोन लिटरचा फवारणी पंप आणला, कोराच, औषध कधी न भरलेला. दुकानदार म्हणे, "किती एकर बाग आहे?" मी म्हटलं, दोन मीटर. तो बघतच राहिला. त्या दोन मीटरच्या बारीक नळीत जेमतेम ३५ मिली बीअर मावते, एक कटिंगसुद्धा नाही, पण प्रत्येक ग्लास तिच्यातूनच जातो ना.

टॅप पूर्ण सुटा करून बाळाच्या दुधाच्या बाटलीचा निपल ब्रश असतो त्याने घासतो, रबरी वायसरच्या खाचासकट. भांड्याचा साबण नको, तो राहिला तर फेस बसतो. ब्लीच तर नकोच, स्टीलला खड्डे पाडतं. मग साध्या पाण्याने भरपूर खळखळून, बुळबुळीतपणा गेला तरी कॉस्टिक उरलंय का ते लिटमसचा कागद लावून बघतो आणि शेवटी सॅनिटायझर. तीन-चार महिन्यांनी एकदा अ‍ॅसिड क्लीनर, बीअरस्टोन म्हणून कॅल्शियमचा खडा धरतो तो कॉस्टिकने हटत नाही. दोन्ही कधीच एकत्र करायचे नाहीत, मधे पाणी पाहिजेच.

हे १४ दिवसांचं माझ्या लक्षात राहीना. आईच म्हणाली, "एकादशीला धू. नाहीतरी त्या दिवशी तू पीत नाहीस." तेव्हापासून महिन्यातून दोनदा घरात साबुदाणा भिजतो आणि गच्चीवर टॅप भिजतो. गेल्या वेळी घासताना तोटीचं क्रोम उडालेलं दिसलं, आतलं पिवळं पितळ उघडं पडलंय, तर आता स्टीलचा टॅप मागवलाय. तो येईपर्यंत केग रिकामाच आहे आणि मावसभाऊ रोज फोन करून विचारतोय.