पॉम्पेईतला चुना मारणारा

नेपल्समधले चार दिवस पावसात आणि संग्रहालयात गेले. लिहायचंय ते पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या एका भिंतीबद्दल.

व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्यावरून जाणारी लोकल खचाखच भरलेली. उभ्यानेच गेलो. व्हिया देल्लाब्बोंदान्झा या मोठ्या रस्त्यावर गाइडने काचेआडची लाल अक्षरं दाखवली: इ.स. 79 मध्ये शहर राखेखाली गेलं त्याआधीच्या निवडणुकीच्या जाहिराती. ‘अमक्याला निवडून द्या’ एवढं सांगून तो पुढे निघालासुद्धा. मी मात्र अक्षरांखालचा पांढरा पट्टाच बघत राहिले. तो चुना होता.

जुनी जाहिरात चुन्याने झाकायची, वर नवी रंगवायची, अशी तिथली रीत. एमिलियस सेलर नावाच्या रंगाऱ्याने ‘हे मी एकट्याने, चांदण्यात लिहिलं’ असं लिहून ठेवलंय. दुसऱ्या एका भिंतीवर आहे, ‘कंदीलवाल्या, शिडी धर.’ आणि चुना मारणारा, म्हणजे ‘देआल्बातोर’, त्याचंही नाव कुठे कुठे सापडतं. एकाचं नाव ओनेसिमस.

माझे आजोबा, अण्णा, साताऱ्यात दिवाळीआधी महिनाभर लोकांची घरं चुन्याने रंगवायचे. पिंपात कळीचा चुना टाकला की तो फसफसून उकळायचा. आम्हा पोरांना जवळ फिरकू द्यायचे नाहीत. विरलेला चुना काठीने ढवळून खडा लागतो का बघायचे, मग चिमूटभर नीळ. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी हेच सांगितलंय: भिजलेल्या चुन्यात कुदळ मारून पाहा, खडे लागले तर तो कच्चा, भिंतीवर गेल्यावर फुटतो. रोमन लेखक प्लिनी तर जुन्या नियमाचा दाखला देतो, तीन वर्षांपेक्षा ताजा चुना ठेकेदाराने वापरायचा नाही. अण्णांना हे ऐकून केवढा आनंद झाला असता!

भिंत पांढरी करण्याच्या या कामाचं लॅटिन विशेषण ‘अल्बारियस’. मूळ शब्द ‘आल्बुस’, पांढरा. सरकारी सूचना लिहायची पांढरी फळी म्हणजे ‘आल्बुम’. आपला लग्नाचा आल्बम तिथलाच.

पुढच्या गल्लीत वेश्यागृह बघायला लांबच लांब रांग, आणि या भिंतीपाशी कुणी दोन मिनिटं थांबायला तयार नाही. मला खरंच राग आला. अण्णांनी रंगवलेल्या एकाही भिंतीवर त्यांचं नाव नव्हतं. त्या भिंतीही आता डिस्टेंपरखाली गेल्या.

फोटो काढला, पण काचेवर ऊन चमकत होतं. मागे वळले तर आमचा गट गायब. अर्धा तास एकटीच शोधत हिंडले, आणि प्रत्येक वळणावर माणसांआधी भिंतीच बघत होते.