तळीराम हसवत नाही तेव्हा

रविवार, रात्री पावणेबारा

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक नव्या रूपात टीव्हीवर येणार म्हणून आज जेवणं लवकर उरकली, आईची खुर्ची पुढे ओढली. तासाभरातच ती म्हणाली, "बंद कर गं, यात जीव नाही." मला भरून आलं.

काटछाट केली म्हणून माझी तक्रार नाही. गडकऱ्यांची ती लांबच लांब वाक्यं बाबांच्या हौशी मंडळानेही कापली होती. बाबांचं पुस्तक माझ्याकडेच आहे, पानोपानी निळ्या पेन्सिलीच्या चौकटी. पण नायकाला, सुधाकरला, दारूची चटक लावणाऱ्या तळीरामाच्या विनोदांना त्यांनी हात लावला नव्हता.

आजचा तळीराम नुसता खलनायक. तो आला की ढणढण संगीत, डोळ्यांत कावा. अहो, असल्या माणसाच्या हातून सुधाकर पेला घेईल कशाला? सुधाकर हुशार वकील. वकिलीची सनद जाते, चारचौघांत मान खाली जाते, तेव्हा तेवढ्यापुरता विसर पडावा म्हणून तळीराम त्याला पहिला पेला देतो. आपल्या ओळखीतली माणसं दारूला लागली ती कुणामुळे? हसऱ्या, जीव लावणाऱ्या मित्रांमुळेच. नाटकात आपण आर्य मदिरा मंडळाच्या, म्हणजे तळीरामाच्या दारुड्या टोळक्याच्या, बैठकीला पोट धरधरून हसतो, मनाने त्यांच्यातच जाऊन बसतो. मग सुधाकरही तिथलाच झालेला दिसतो आणि ते हसू आपल्यालाच टोचतं. आज कुणी हसलंच नाही, मग टोचणार काय?

सुधाकरच्या बायकोचा, सिंधूचा, दळणाचा प्रवेश तर बघवेना. श्रीमंत भावाची मदत नाकारून ती दळणं दळते, शेजारी उपाशी बाळ, आणि 'बघु नको मजकडे केविलवाणा' हे पद. इथे जातं कोरं करकरीत, भोवती पिठाचा कण नाही. कॅमेरा सारखा तिच्या आसवांवर. आईने लहानपणी पहाटे उठून दळलंय. ती पुटपुटली, "अगं, जात्यात घास तरी टाक." दोन ओळींत पद संपलं.

गडकऱ्यांना हे नाटक रंगमंचावर बघायला मिळालंच नाही. १९१९ च्या जानेवारीत ते सावनेरला वारले आणि फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला. बालगंधर्वांची सिंधू, गणपतराव बोडसांचा सुधाकर. पदंसुद्धा वि. सी. गुर्जरांनी लिहून दिली. लेखकामागे इतक्या जणांनी जिवापाड जपलेलं नाटक, म्हणून आज जास्तच लागलं.

शेवटी टीव्ही बंद करून पुस्तक काढलं. मदिरा मंडळाचा प्रवेश मोठ्याने वाचायला घेतला. समासात बाबांचं अक्षर: 'हशा येईल. थांबणे.'

आई खरंच हसली. मी थांबले. मग तीच म्हणाली, "हं, पुढे वाच."