शेवटचा डबा गेल्याशिवाय

कॅलिफोर्नियातल्या सात आठवड्यांच्या मुक्कामात लेकीने आणि जावयांनी आम्हा उभयतांना सॅन फ्रान्सिस्कोचा पूल, योसेमिटीचे धबधबे आणि सॅन दिएगोचा समुद्रकिनारा असे सारे काही हौसेने दाखवले. ते सगळे फार सुंदर होते, एवढेच सांगून मी पुढे जातो. कारण परत येऊन दोन महिने झाले तरी मनात घर करून राहिले आहे ते ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमधले, जेमतेम पाऊण मिनिटाचे एक थांबणे.

मी रेल्वेत चौतीस वर्षे स्टेशन मास्तर होतो. त्यातली पहिली बरीचशी वर्षे एकेरी मार्गावरच्या लहान स्टेशनांवर गेली. पुढच्या स्टेशनाने घंटेच्या ठोक्यांनी 'लाइन क्लिअर' दिल्याखेरीज तिथल्या यंत्रातून टोकनाचा गोळा बाहेर येत नसे, आणि तो गोळा हाती पडल्याखेरीज ड्रायव्हर गाडी हलवत नसे. दोन स्टेशनांमधल्या त्या टप्प्याला आम्ही ब्लॉक सेक्शन म्हणतो, आणि एका वेळी एका सेक्शनमध्ये एकच गाडी, हा आमच्या नोकरीचा पहिला धडा. मनोरंजनाच्या बागेत हाच धडा पुन्हा भेटेल, असे मला वाटले नव्हते.

नातीला मॅटरहॉर्नमध्ये बसायचे होते. स्वित्झर्लंडमधल्या त्याच नावाच्या शिखराची ही शंभरपट लहान प्रतिकृती असून तिची उंची 147 फूट आहे. डोंगराच्या पोटातून आणि अंगावरून दोन स्वतंत्र मार्ग एकमेकांभोवती वळसे घेत उतरतात आणि त्यांवरून बर्फावरच्या घसरगाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्या धावतात. हे 14 जून 1959 रोजी सुरू झाले. पोलादी नळ्यांचे रूळ वापरलेले हे पहिले रोलर कोस्टर, म्हणून त्याची ख्याती आहे. मला मात्र त्याची दुसरी नवलाई अधिक मोलाची वाटते: एकाच मार्गावर एकाच वेळी अनेक गाड्या सोडता याव्यात म्हणून अॅरो डेव्हलपमेंट या कंपनीच्या लोकांनी त्या मार्गाचे भाग पाडले आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र ब्रेक दिले.

रांग एक तास दहा मिनिटांची होती. ऊन, रडणारी मुले आणि बसायला कुठेही कठडा नाही, अशा स्थितीत इतका वेळ उभे राहणे मला मुळीच आवडले नाही. गाडीत बसायच्या जागा एकामागे एक आणि इतक्या खोल आहेत की पाय लांब करूनच बसावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी या गाडीच्या वाटेला जाऊ नये, असे मी सांगेन. पण असे कोणी मला आधी सांगितले असते तरी नातीचा चेहरा पाहून मी बसलोच असतो.

अंधारातल्या चढावर टक-टक-टक असा आवाज सुरू झाला. जावयांनी नंतर सांगितले की गाडी मागे घसरू नये म्हणून तिच्या खालची खिट्टी मार्गावरच्या दातेरी पट्टीवरून जात असते, तिचा हा आवाज. साखळी तुटली तरी गाडी मागच्या दातावर अडकून जागीच उभी राहते. वरून सुटल्यावरचे वळसे, यती या हिममानवाची गर्जना आणि हाडे खिळखिळी करणारे हिसके मला आज नीट आठवत नाहीत. शेवटी गाडी पाण्यातून फवारे उडवत गेली, आणि फलाट डोळ्यांसमोर असताना खाडकन ब्रेक लागून उभी राहिली.

पुढच्या गाडीतून एक वृद्ध बाई उतरत होत्या. त्यांना उठता येत नव्हते. दोन मुलांनी त्यांना हात दिला होता आणि त्या अगदी सावकाश एकेक पाय बाहेर काढत होत्या. माझ्या पुढे बसलेली नात मान वळवून म्हणाली, "आबा, आपण का थांबलो? गाडी बिघडली का?" मागच्या जागेवरचा तरुण वैतागून मोठ्याने काहीतरी बोलला. आणि मला मात्र, काय सांगू, एकदम कर्जतच्या होम सिग्नलबाहेर, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलपाशी, उभ्या राहिलेल्या गाडीत बसल्यासारखे वाटले. मी नातीला म्हणालो, "बिघडली नाही गं. पुढचा ब्लॉक रिकामा नाही, म्हणून आपल्याला लाइन क्लिअर मिळालेली नाही." त्या बाई उतरल्या, त्यांची गाडी फलाटावरून हलली, ती पूर्ण बाहेर पडली, आणि तेव्हाच आमच्या गाडीखालचा ब्रेक सुटला. माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. तलावातले शिंतोडे उडाले असतील असे नातीला वाटले.

त्या दिवशीचा उरलेला सगळा वेळ मी बाहेरून गाड्या पाहण्यात घालवला, आणि रात्री जेवणाच्या टेबलावर जावयांना प्रश्न विचारून भंडावून सोडले. ते कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रांच्या नियंत्रणाचे काम करतात, त्यामुळे त्यांना यातले बरेच कळते. रोलर कोस्टरच्या गाडीला सहसा इंजिन नसते, ड्रायव्हर नसतो आणि स्वतःचा ब्रेकही नसतो. आमच्याकडे सिग्नल लाल झाला की तो पाहून ड्रायव्हर गाडी थांबवतो. इथे सिग्नल पाहणारे कोणीच नाही, म्हणून सिग्नलने स्वतःच गाडीला हात घालून धरायचे असते. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडी हमखास अडवता येईल असे काही तरी असावे लागते: फलाटावरचा ब्रेक, मधल्या सपाट भागातला ब्रेक, किंवा साखळी थांबवली की गाडी जिथल्या तिथे धरून ठेवणारा चढ. बिग थंडर माउंटन या दुसऱ्या गाडीला असे तीन चढ आहेत, आणि ते केवळ उंची मिळवण्यासाठी नसून गाडी रोखून धरण्याच्या जागाही आहेत, हे ऐकल्यावर तिचा सारा मार्ग मला एखाद्या सेक्शनच्या आराखड्यासारखा दिसू लागला.

यातून एक साधा हिशेब निघतो. मार्गाचे जितके ब्लॉक, त्याहून निदान एक गाडी कमी असली पाहिजे, नाहीतर कोणालाच पुढे सरकायला रिकामी जागा उरणार नाही. रुळांलगत बसवलेले संवेदक गाडी ब्लॉकमध्ये शिरल्याची आणि त्यातून पूर्ण बाहेर पडल्याची नोंद घेतात. ब्रेकचे तत्त्व तर आम्हा रेल्वेवाल्यांच्या ओळखीचेच निघाले. अशा अनेक मार्गांवर ब्रेकचे जबडे स्प्रिंगच्या जोराने मिटलेले असतात आणि हवेच्या दाबाने ते उघडावे लागतात. वीज गेली, नळी फुटली, हवा संपली, तर ते आपोआप मिटतात. आमच्या गाड्यांतही ब्रेकच्या नळीतली हवा गेली की ब्रेक लागतो.

पण माझे मन अडकले होते ते "पूर्ण बाहेर पडल्याची" या शब्दांत. रेल्वेच्या शेवटच्या डब्यामागे दिवसा 'एलव्ही' (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) लिहिलेली पाटी आणि रात्री लाल दिवा असतो. तो पाहिल्याशिवाय गाडी संपूर्ण आली असे मानायचे नाही, आणि मागच्या स्टेशनाला सेक्शन मोकळा झाल्याचे कळवायचे नाही. एका पावसाळी रात्री एक मालगाडी न थांबता माझ्या स्टेशनातून पुढे गेली आणि तिच्या मागे मला दिवा दिसला नाही. मी सेक्शन मोकळा केला नाही. पुढच्या स्टेशनाने गाडी थांबवून डबे मोजले, सगळे जागच्या जागी होते, फक्त दिवा विझला होता. तोपर्यंत मागच्या स्टेशनावर पॅसेंजर पंचवीस मिनिटे खोळंबली होती, आणि ती माझ्याकडे आली तेव्हा खिडक्यांतून ऐकू आलेले शब्द इथे लिहिण्याजोगे नाहीत. माझी चूक झाली नव्हती, तरी मला त्या रात्री झोप आली नाही. मॅटरहॉर्नच्या तरुणाचा वैताग ऐकून मला तेच शब्द आठवले.

हा नियम रेल्वेला सुखासुखी सुचलेला नाही. पूर्वी एक गाडी गेल्यावर ठरावीक मिनिटांनी दुसरी सोडत. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ सहलीची एक भरलेली गाडी चढावर अडली, तिचे मागचे डबे सोडून पुढचे आधी नेण्याचे ठरले, आणि ते मागचे डबे उतारावरून घरंगळत जाऊन मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी माणसे गेली आणि त्यांत अनेक लहान मुले होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा होऊन प्रवासी गाड्यांना ब्लॉक पद्धत आणि आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे झाले. दोन गाड्यांमध्ये मिनिटे नव्हे, मोकळी जागा ठेवायची, हे तेव्हापासून कायद्यात आले.

आणि तरीही 2 जून 2015 रोजी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमधील ऑल्टन टॉवर्स बागेत 'स्मायलर' नावाच्या रोलर कोस्टरवर काय झाले, ते जावयांनी सांगितले तेव्हा मला जेवण गेले नाही. चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी जोराच्या वाऱ्यात वळसा पुरा करू शकली नाही आणि मार्गाच्या खोलगट भागात अडकून राहिली. त्यानंतर सोळा प्रवाशांची गाडी निघाली. नियंत्रण यंत्रणेने पुढचा ब्लॉक रिकामा नाही हे ओळखून तिला चढावर रोखून धरले. यंत्रणेने आपले काम चोख केले होते. पण त्या दिवशी मार्गावर एक जास्तीची गाडी आणलेली होती, किती गाड्या कुठे आहेत याचा तिथल्या तंत्रज्ञांचा हिशेब चुकला, आणि यंत्रणाच उगाच अडवते आहे असे समजून त्यांनी तिचा नकार बाजूला सारून गाडी पुढे सोडली. ती रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. अडकलेल्यांना खाली आणायला चार तासांहून अधिक वेळ लागला. पुढे न्यायालयाने चालक कंपनीला 50 लाख पौंड दंड केला.

मला त्या तंत्रज्ञांचा राग आला नाही, भीती वाटली. रांगेत माणसे खोळंबली आहेत, यंत्र 'नाही' म्हणते आहे, आणि डोळ्यांना तर मार्गावर काहीच दिसत नाही, हा प्रसंग मी ओळखतो. अशा वेळी हात आपोआप किल्लीकडे जातो. मला त्या रात्री माझी मालगाडी दिसत नव्हती, इतकेच काय, ती गेल्याचा आवाजही विरून गेला होता. पण तिचा शेवटचा डबा गेल्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता, आणि हातातल्या पुस्तिकेत पुराव्याखेरीज काहीही मानायचे नाही असे लिहिले होते. स्मायलरवर यंत्र तेच म्हणत होते. त्याच्यावर विश्वास ठेवून कोणी तरी खाली उतरून गाड्या मोजल्या असत्या, तर त्या सोळा जणांची फार तर अर्धा तास कुरकुर झाली असती.

दुसऱ्या दिवशी परत जायच्या आधी मी हट्टाने बागेभोवती फिरणाऱ्या वाफेच्या गाडीत बसलो. तीन फूट रुंदीचा तो मार्ग आमच्या माथेरानच्या दोन फुटी रुळांपेक्षा थोरला आहे. न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर स्टेशनावर तारयंत्राची कट्ट-कडकट्ट सतत चालू असते. 17 जुलै 1955 रोजी बाग उघडताना वॉल्ट डिस्ने यांनी केलेल्या भाषणाच्या पहिल्या ओळी ती पाठवत असते. आजूबाजूची माणसे ती सजावट समजून पुढे जात होती. मी मात्र दोन गाड्या सोडून तिथे उभा राहिलो. सौ. आणि लेक सावलीत बसल्या. नात माझा हात धरून फलाटाच्या कडेपासून दोन पावले मागे उभी होती, आणि गाडी सुटली की मान लांब करून मागचा डबा वळणाआड जाईपर्यंत पाहत होती.

"गेला, आबा," ती दर वेळी सांगे, आणि मी मान हलवीत असे.