धुंदीच्या वरचा एप्रिल: बर्फ वाचायचा सराव

यंदाही एप्रिलमध्ये मनालीजवळच्या सोलांगच्या वर, धुंदी ते बियासकुंड या पट्ट्यात जाऊन आलो. शिखर डोक्यात नव्हतंच. वसंतातला बर्फ वाचता यावा, एवढ्यासाठी ही खेप.

दुपारच्या तापमानाच्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. खरा खेळ रात्रीचा. आकाश निरभ्र असलं की बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी त्याचा पृष्ठभाग गोठतो. ढग असले की कवच धरत नाही, उतार पहाटेही भिजलेलाच. म्हणून तीनला तंबूबाहेर डोकं काढून आधी तारे शोधायचे, मग बूट आपटून बघायचा. कवच टणक वाजलं तर निघायचं. पाय घोट्यापर्यंत रुतला तर गुपचूप चहा टाकायचा.

उजाडल्यावर पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी तापतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. साडेआठच्या सुमारास पूर्वेच्या उतारावर खडकांखालून बर्फाचे गोळे सुटायला लागले. आधी लिंबाएवढे, थोड्या वेळात कलिंगडाएवढे. उताराचा कोन मोजणाऱ्या क्लिनोमीटरवर ३७ अंश. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांतच सुटतात, तेव्हा वाद न घालता खाली उतरलो. खाली सपाटीवरही रेंगाळलो नाही. वरून सुटलेलं सगळं तिथंच येऊन थांबतं.

सह्याद्रीत नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, दिसली की आपल्याला वाट दिसते. ही सवय इथं मोडावी लागते, कारण नाळ वरचा सगळा बर्फ गोळा करूनच खाली आणते.

वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून बर्फ-पाऊस घेऊन येणारं वादळी हवामान, येऊन गेला की गणित नव्यानं मांडायचं. ताज्या बर्फावर पहिलं कडक ऊन पडतं, तो दिवस मी मनालीतच काढतो. हॉटेलवाला हसतो, हसू दे. चंदीगडच्या डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन बघतोच, पण ते मोठ्या टापूचं असतं. समोरच्या उताराचा निवाडा आपल्यालाच करावा लागतो.

ट्रान्सीव्हरवर, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायच्या रेडिओ यंत्रावर, हात बसतोय. शेवटच्या दोन-तीन मीटरांत तो बर्फालगत धरून सावकाश आडवा-उभा फिरवायचा, हे आता आपोआप होतं. खणणं मात्र अजून मंद आहे. गाडलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते, आणि ओला बर्फ थांबला की दगड होतो. प्लास्टिकच्या पात्याचं फावडं त्यात वाकतं. पुढच्या खेपेआधी ॲल्युमिनियमचं घेतोय, दांडा लांब होणारं.