परस्पर, आपसी आणि सामाईक

आमच्या परभणीकडच्या शिक्षकांच्या तोंडी ‘म्युच्युअल’ हा शब्द इतका रुळला आहे की तो इंग्रजी असल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. “त्यांना म्युच्युअल भेटलं” म्हणजे रत्नागिरीत वर्षानुवर्षे नोकरी केलेल्या गुरुजींना, नेमके त्याच जिल्ह्यात जाण्यास राजी असलेला जोडीदार आपल्या भागात सापडला. शासकीय भाषेत ती आंतरजिल्हा आपसी बदली. आठवीतल्या एका मुलीने मोबाइलवरच्या ‘म्युच्युअल फ्रेंड’चा अर्थ विचारला, तेव्हा मी हाच दाखला द्यायला निघालो आणि मध्येच अडखळलो. बदलीत दोघांची एकमेकांशी देवघेव असते. तो मित्र मात्र दोघांत मिळून एक असतो.

ही कुरबुर इंग्रजीतही जुनीच आहे. या शब्दाच्या लॅटिन मुळात उसनवारीचा अर्थ असल्याने, जे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाते तेच म्युच्युअल आणि दोघांचा मित्र तो ‘कॉमन’, असा काटेकोर मंडळींचा आग्रह असे. पण ‘कॉमन’ला हलकेपणाचाही वास येतो आणि चार्ल्स डिकन्स यांच्या १८६४-६५च्या कादंबरीच्या नावातच तो मित्र ‘म्युच्युअल’ म्हणून मिरवल्यावर व्याकरणवाल्यांचे कोण ऐकणार?

मराठीत हा गुंता शेतकऱ्याने कधीच सोडवून ठेवला आहे. सातबाऱ्यावर विहीर सामाईक असते. तिच्यावरची मोटार कोणी कोणत्या रात्री चालवायची, ती पाळी आपसात ठरते. आज तुझे बैल माझ्या रानात आणि उद्या माझे तुझ्या रानात, ही सावड. नात्यांतही असे शब्द आहेत, म्हणून मी फळ्यावर ‘साडू’, ‘व्याही’ आणि ‘जाऊ’ लिहिले. जो तुमचा साडू, त्याचे तुम्हीही साडूच. मामा-भाच्याचे तसे नसते. वर्ग हसला खरा, पण समजला असावा.

फसवतो तो ‘परस्पर’. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आलेल्या कलम १३-ब नुसार परस्पर संमतीने घटस्फोट मिळतो, म्हणजे दोघांचाही होकार लागतो. आणि गावात “भावानं परस्पर रान विकलं” असे कोणी म्हणाले, तर दुसऱ्या भावाला सह्या होईपर्यंत पत्ताच नव्हता, असे समजावे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने वही आणली. ‘म्युच्युअल’ म्हणजे ‘परस्पर’ असे शब्दकोशातून सुवाच्य उतरवून तिने खाली वाक्यात उपयोग केला होता: “काकांनी सामाईक विहिरीची मोटार परस्पर विकली.” अर्थ कोशाप्रमाणे बरोबर, वाक्य मराठी म्हणून निर्दोष आणि दोन्ही मिळून उत्तर साफ उलटे. मी एकापैकी अर्धा गुण दिला आणि मोटारीचे पुढे काय झाले, ते विचारले.